पोरीच्या बीएडचा हिशोब, कोरडवाहूचा उतारा धरून



पोळा होऊन आठ दिवस झाले. सोयाबीन शेंगा भरायला लागलंय, पण रानात वापसा नाही. खालच्या पट्टीत पाणी साचून पाच-सहा गुंठे पिवळं पडलं, तिथं चर काढून दिला. कपाशीला पाते बरे आहेत, फवारणी मात्र पावसानं दोनदा हुकली. शेतातलं सविस्तर पुढच्या नोंदीत लिहितो.

आजची नोंद शेतातली नाही, घरातली आहे. पण हिशोब शेतासारखाच आहे म्हणून इथंच लिहितोय. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी बारावी, पदवी झालेली पोरं-पोरी बसलेली आहेत आणि डीएड-बीएड करावं का, त्यासाठी कर्ज काढावं का, हा विषय सुरू आहे. आमच्या घरी तो दोन महिने चालला. त्यात माझे पाच हजार रुपये बुडाले, बायकोचं एक वाक्य जिव्हारी लागलं आणि शेवटी पोरीनंच मार्ग काढला. कुणाच्या उपयोगी पडलं तर बरं.

माझी थोरली यंदा बीएस्सी झाली. गणित तिचा हातखंडा. सीईटी दिली, मार्क बरे पडले. तिला शिक्षिका व्हायचंय, हे ती सहावीत असल्यापासून सांगते. आमचं रान साडेचार एकर, सगळं कोरडवाहू. विहिरीला पाणी दिवाळीपर्यंत पुरतं. दोन गाई आहेत, घरचं भागवून रोज सहा लिटर दूध डेअरीला जातं.

जुलैत एक गृहस्थ घरी आले. साठ किलोमीटरवरच्या एका खासगी बीएड कॉलेजचं काम बघतात. चहा झाला आणि त्यांनी थेट सांगितलं, "मॅनेजमेंटची सीट आहे. राउंडची वाट बघू नका. फी वर्षाला पंच्याहत्तर हजार. हॉस्टेल आणि मेस महिन्याला पाच हजार, वीस महिन्यांचे एक लाख. दोन वर्षांत सगळं मिळून अडीच लाख. पैसे नसतील तर शैक्षणिक कर्ज मिळतं, कागद आम्हीच करून देतो. बीएड झालं की पगार अडतीस हजार सहाशेवर सुरू."

अडतीस हजार सहाशे. हा आकडा माझ्या डोक्यात बसला. आपण सोयाबीनचं पोतं आडतीत नेऊन टाकतो तेव्हा पट्टीवर हमाली, तोलाई, आडत वजा होऊन जे उरतं ते बघायची सवय. त्यात महिन्याला अडतीस हजार म्हणजे काय! मी मनातल्या मनात अडीच लाख भागिले अडतीस हजार केलं. सात महिन्यांत कर्ज फिटतंय असं वाटलं. जागा धरून ठेवायला पाच हजार रोख देऊन मोकळा झालो. पावती नंतर देतो म्हणाले. उरलेल्या फीची मुदत गुरुवारची.

पोरगी कॉलेजचा दाखला आणायला गेली होती. संध्याकाळी आली, ऐकलं आणि म्हणाली, "पप्पा, अडतीस हजार सहाशे हे खरं आहे, पण ते पहिल्या दिवसापासून नाही. आधी तीन वर्षं शिक्षण सेवक."

हे मला अर्धवट माहीत होतं. माझ्या पुतण्याचं बघितलेलं होतं, पण त्यातून मी शिकलो नव्हतो. म्हणून रविवारी त्याला बोलावलं.

पुतण्याची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण त्याच्या वयाची पोरं प्रत्येक गावात आहेत. मी १९८८ ला दहावी झालो तेव्हा आमच्या भागात एक समज होता: डीएडला नंबर लागला की नोकरी हातात. माझ्या वर्गातला एक जण लागला, आता रिटायर व्हायला आलाय, बांधावर भेटला की चौकशी करतो. त्याला पहिल्या महिन्यापासून पूर्ण पगार होता. पुढं २००० साली शिक्षण सेवक योजना आली. पहिली तीन वर्षं ठराविक मानधन, मग वेतनश्रेणी. प्राथमिकला ते मानधन महिना तीन हजार होतं, २०११-१२ च्या सुमारास सहा हजार झालं. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शनही गेली. पण आमच्या डोक्यात हिशोब जुनाच राहिला. त्या काळात डीएड कॉलेजं कुत्र्याच्या छत्रीसारखी उगवली आणि आम्ही रांगा लावल्या.

पुतण्या २०११ ला डीएड झाला. भावानं वहिनीचं डोरलं सोडून बाकी सोनं गहाण टाकलं होतं. २०१२ ला शिक्षक भरतीवर बंदी आली. २०१३ च्या डिसेंबरात पहिली टीईटी झाली, ती त्याला दोनदा निघाली नाही, तिसऱ्यांदा निघाली. मग डिसेंबर २०१७ मध्ये टेट आली. (हे दोन वेगळे आहेत बरं का. टीईटी म्हणजे पात्रता, पास-नापास. टेट म्हणजे अभियोग्यता चाचणी, २०० मार्कांची. तिथं पास-नापास नाही, जितके मार्क तितका वरचा नंबर.) त्या परीक्षेवरच्या नेमणुका २०१९ मध्ये लागल्या. त्याचा नंबर थोडक्यात हुकला. पुढची टेट थेट २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधल्या काळात लग्न झालं, लेकरू झालं. आता एका खासगी शाळेवर नऊ हजारांवर शिकवतो, सकाळ-संध्याकाळ शिकवण्या घेतो, सुगीला बापाबरोबर रानात असतो. शिकवतो मात्र चांगलं, हे त्याच्या वर्गातल्या पोरांचे आई-बाप सांगतात.

त्याला म्हणलं, "बाळा, तू सांग. घालू का हिला बीएडला?"

तो लगेच बोलला नाही. मग म्हणाला, "काका, घालू नका असं मी म्हणणार नाही. पण एक लक्षात ठेवा. भरती थांबते, हप्ता थांबत नाही."

मंडळी, सगळी नोंद या एका वाक्यात आली. तरी आकडे मांडतो, कारण आकडे मांडल्याशिवाय मलाही ते पटलं नव्हतं.

आधी पगार. १ जानेवारी २०२३ पासून शिक्षण सेवकाचं मानधन वाढलं. पहिली ते आठवीला १६,०००, नववी-दहावीला १८,०००, अकरावी-बारावीला २०,०००. हे तीन वर्षं. त्यानंतर वेतनश्रेणी. सातव्या आयोगानं प्राथमिकचं मूळ वेतन २९,२०० पासून आणि बीएडवर लागलेल्या माध्यमिक शिक्षकाचं ३८,६०० पासून, वर महागाई भत्ता वगैरे. म्हणजे त्या गृहस्थांचा आकडा खोटा नव्हता. फक्त चौथ्या वर्षाचा आकडा त्यांनी पहिल्या वर्षाचा म्हणून सांगितला. आणि त्या पहिल्या वर्षाच्या आधीही रिकामी वर्षं असतात, ती तर सांगितलीच नाहीत.

आता कर्ज. पोरीनं मोबाईलवर काढून दिलेला हिशोब असा. व्याज साडेदहा टक्के धरलं. अडीच लाखांतले अर्धे पहिल्या वर्षी, अर्धे दुसऱ्या वर्षी उचलले. शैक्षणिक कर्जात शिकण्याचा काळ आणि पुढं साधारण एक वर्ष हप्ता नसतो. पण हप्ता नसतो म्हणजे व्याज नसतं असं नाही. ते मुकाट्यानं वाढत राहतं. तीन वर्षांत ६५,६२५ रुपये व्याज होतं. म्हणजे हप्ता सुरू व्हायच्या दिवशी कर्ज अडीच लाखांचं ३,१५,६२५ झालेलं असतं. सात वर्षांत फेडायचं तर महिन्याला ५,३२० रुपये. शेवटपर्यंत भरले तर एकूण ४ लाख ४७ हजारांच्या घरात.

हा हप्ता कधी सुरू होतो ते बघा. बीएड संपल्यावर एका वर्षानं. आणि भरतीचं गाडं कसं चालतं? टेट २०१७ ला, मग २०२३ ला, मग यंदा २०२५ च्या मे-जूनमध्ये. २०२३ च्या परीक्षेवरची यादी २०२४ ला लागली. म्हणजे पोरगी बीएड झाल्यावर लगेच टेट झाली, पहिल्याच झटक्यात मार्क पडले, तरी नेमणूक हातात यायला वर्ष सहज जातं. आणि टेटच मध्ये दोन-चार वर्षं आली नाही तर? तेवढ्यात बँकेचं सवलतीचं वर्ष संपलेलं असतं.

त्या काळात ती काय करणार? आमच्या भागात खासगी शाळेवर बीएड झालेल्या पोरीला आठ-नऊ हजार देतात. आठ धरा.

पगार ८,०००. जाण्यायेण्याचे, एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे तरी, १,०००. हप्ता ५,३२०. हातात उरले १,६८०.

शिक्षण सेवक म्हणून लागली तर पगार १८,०००. नेमणूक कुठल्याही जिल्ह्यात मिळू शकते, खोली आणि जेवण ७,००० धरा. हप्ता ५,३२०. उरले ५,६८०. ओढाताण आहे, पण जमतं.

वेतनश्रेणी लागली की त्या हप्त्याचं ओझं वाटत नाही.

म्हणजे कर्ज बुडवतं ते शेवटी नाही, सुरुवातीला. मधल्या तीन-चार वर्षांत हप्ता भरणार कोण? बाप. आणि बापाकडं काय आहे? तेही मांडतो, लाज कसली.

मागच्या हंगामात तीन एकर सोयाबीन, एकरी सात क्विंटल, एकवीस क्विंटल झालं. हमीभाव ४,८९२ होता, पण ओलावा जास्त म्हणून खरेदी केंद्रावर माल लागला नाही, आडतीत ४,१०० नं गेला. ८६,१०० आले. बी, खत, फवारणी, काढणी, मळणी एकरी सोळा हजार. उरले ३८,०००. दीड एकर कापूस, नऊ क्विंटल, सात हजारानं ६३,०००. खर्च छत्तीस. उरले २७,०००. दोन्ही मिळून पासष्ट हजार. त्यात घरच्यांची मजुरी धरलेली नाही.

५,३२० चा हप्ता बारा महिन्यांचा किती होतो? ६३,८४०.

म्हणजे पोरीला नोकरी लागेपर्यंत माझं अख्खं रान फक्त बँकेसाठी पिकवायचं. घर दुधावर चालवायचं. आणि एक वर्ष पाऊस गेला की संपलं. २०२५-२६ साठी हमीभाव ५,३२८ झाला, पण तो पट्टीवर आल्याशिवाय मी धरत नाही.

हा हिशोब बघितल्यावर मी म्हणलं, राहू दे मग बीएड. गावातही लोक तेच सांगत होते. पारावर एक जण म्हणाला, "पोरीच्या शिक्षणाला कर्ज काढून फेडणार तू आणि पगार खाणार सासर."

घरी येऊन जेवताना मी हे बोललो. बायको भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "तिच्या लग्नाला तीन लाख काढले असते, तर एवढा कागद काळा केला असता का तुम्ही?"

मंडळी, मला घास गिळवला नाही. कारण खरं होतं. माझ्या बहिणीच्या लग्नाला बापानं पाऊण एकर विकलं, त्याचा हिशोब कुणी एका कागदावर मांडला नव्हता. लग्नाचं कर्ज काही पिकवत नाही, तरी ते आपण डोळे झाकून काढतो. शिकायचं कर्ज उशिरा का होईना पिकवतं, आणि तिथं आपल्याला अक्कल सुचते.

त्या रात्री मी हिशोब उलटा मांडला. बीएड करावं का नाही, हा प्रश्न बाजूला ठेवला. किती कर्ज आपल्याला पेलतं, हा प्रश्न धरला.

आपण पिकाचं बजेट काढताना काय करतो? शेजाऱ्याला एका साली बारा क्विंटलचा उतारा पडला म्हणून आपण बारा धरत नाही. कोरडवाहू रान, मध्यम पाऊस, जो उतारा बहुतेक साली पडतो तो धरतो. त्यात खर्च निघत असंल तर पेरतो. वरचं मिळालं तर देवाची कृपा. बारा क्विंटल धरून ज्यानं ट्रॅक्टर घेतला त्याचा ट्रॅक्टर फायनान्सवाल्यानं ओढून नेलेला आपण सगळ्यांनी बघितलाय.

तसंच इथं. ३८,६०० हा बारा क्विंटलचा उतारा आहे. १८,००० हा बऱ्या सालाचा. आणि ८,००० हा कोरडवाहूचा. हिशोब आठ हजारांवर धरायचा. आठ हजारांतून पोरीला खाऊन-पिऊन चौथा हिस्सा हप्त्याला जाऊ शकतो. म्हणजे दोन हजार. दोन हजारांचा हप्ता सात वर्षं भरायचा तर कर्ज किती काढता येतं? पोरीनं काढलं: नव्वद हजार. नव्वद हजारांचं तीन वर्षांत १,१३,६२५ होतं आणि हप्ता १,९१६ बसतो. नोकरी लागली नाही आणि तो मला भरावा लागला तरी वर्षाचे तेवीस हजार, म्हणजे साडेपाच-सहा क्विंटल सोयाबीन. जड आहे, पण रान जात नाही.

मग प्रश्न उरला, नव्वद हजारांत बीएड होतं का? खासगी मॅनेजमेंट सीटवर नाही होत. पण पोरीनं मघाचीच एक गोष्ट पुन्हा सांगितली, जी मी आधी ऐकून सोडून दिली होती. जुलै २०२४ मध्ये शासनानं निर्णय काढलाय: कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. पण अट आहे, प्रवेश कॅप राउंडमधून पाहिजे. मॅनेजमेंटच्या सीटला ती सवलत लागत नाही.

समजलं का मंडळी? ज्या सीटला "राउंडची वाट बघू नका" म्हणून मी पाच हजार देऊन बसलो होतो, त्या सीटवर बसली असती तर माफ होणारी दीड लाखांची फी आम्ही कर्ज काढून भरली असती. आणि वाट बघायची होती ती जेमतेम तीन आठवडे.

गुरुवार आला. पहिल्या राउंडला तिचा नंबर लागला नव्हता. त्या गृहस्थांचे दोन फोन आले. जागा जाईल म्हणाले. माझा जीव खालीवर. ही पण गेली आणि ती पण गेली तर वर्ष जाणार. पोरगी म्हणाली, "पप्पा, गेलं तर एक वर्ष जाईल. घेतलं तर दहा जातील." तिनं स्वतः फोन घेतला आणि नाही म्हणून सांगितलं. पाच हजार परत मागितले, तर ते ऑफिसचा विषय आहे म्हणाले. पावती नाही, काही नाही. ते गेले. पावतीशिवाय बियाणाची पिशवी सुद्धा घेत नाही मी, आणि इथं पाच हजार देऊन बसलो. कुणाला हसायचं असंल तर हसा.

दुसऱ्या राउंडला संभाजीनगरच्या एका अनुदानित कॉलेजला नंबर लागला.

आता तिथला हिशोब. फी सवलतीत बसते. कॉलेजचं वसतिगृह आणि मेस धरून महिन्याला सहा हजार, वीस महिन्यांचे १,२०,०००. पुस्तकं, पाठाच्या फायली, इंटर्नशिपचं येणंजाणं १५,०००. एकूण १,३५,०००. त्यातले नव्वद हजार बँकेचे, वसतिगृहाच्या पावतीवर. उरलेले पंचेचाळीस आम्ही दोन वर्षांत घालायचे. अल्पभूधारक असल्यामुळं पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा अर्जही केलाय. तो मंजूर झाला तर कर्ज आणखी कमी उचलू. मिळाला असं धरून मात्र चाललो नाही.

बँकेत दोन चकरा झाल्या. साहेब आधी सातबारा आणा म्हणाले, त्यावर पीककर्जाचा बोजा बघून नाक मुरडलं. शैक्षणिक कर्जाला चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, हे पोरीनं नम्रपणे सांगितलं, मग फॉर्म दिला. आई-बापाची सही मात्र लागते, आणि आपलं जुनं कर्ज थकीत असंल तर अडचण येते. म्हणून ज्यांच्या घरी पुढच्या साली पोरगं किंवा पोरगी कॉलेजला जाणार आहे, त्यांनी पीककर्ज मार्चअखेर नवं-जुनं का होईना पण नियमित ठेवा.

काही गोष्टी आमच्या अनुभवावरून सांगतो.

पीककर्जातून फी भरू नका. मला तोही मोह झाला होता. पीककर्ज वेळेत भरलं तर तीन लाखांपर्यंत व्याज माफ होतं, म्हणून ते स्वस्त वाटतं. पण ते वर्षात परत करायचं असतं. फी वर्षात परत येत नाही. मार्चमध्ये सावकाराच्या दारात उभं राहावं लागतं आणि जूनमध्ये बियाणाला पैसे नसतात.

शिकत असताना फक्त व्याज भरता आलं तर भरा. आमच्या नव्वद हजारांवर पहिल्या वर्षी महिन्याला ३९४ आणि नंतर ७८८ रुपये व्याज होतं. म्हणजे महिन्यातलं चार दिवसांचं दूध. ते भरत गेलो तर नंतरचा हप्ता १,९१६ ऐवजी १,५१७ बसतो. असं व्याज भरणाऱ्याला काही बँका दरातही थोडी सूट देतात, विचारून घ्या. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असंल तर शिकतानाचं व्याज केंद्र शासन भरतं अशी योजना आहे, पण तिथं कॉलेजचं नॅक मूल्यांकन बघतात. प्रवेशाच्या आधी विचारा, नंतर नाही.

डीएड का बीएड, हेही आधी ठरवा. ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, पहिली ते पाचवीला बीएड चालत नाही, तिथं डीएडच पाहिजे. आमच्या शेजारच्या गावातला एक पोरगा बीएड करून प्राथमिकची वाट बघत बसला होता, ती वाटच बंद झाली. सहावी ते आठवीला जायचं तर टीईटीचा दुसरा पेपर लागतो. कुठल्या वर्गाला शिकवायचंय ते ठरवून पदवी घ्या.

आणि शेवटचं. पैसे भरून कायम करून घेतो असं सांगणारे भेटतील. पुतण्याला एका संस्थेत भेटले होते. आकडा इथं लिहीत नाही, पण भावाचं सगळं रान विकून निम्मा झाला नसता. तो हिशोब कुठल्याच कागदावर बसत नाही.

परवा पोरीला संभाजीनगरला सोडून आलो. वसतिगृहाच्या खोलीत चार पोरी, दोघी हिंगोलीच्या, एक घनसावंगीची. सगळ्या शेतकऱ्यांच्याच. निघताना ती म्हणाली, "पप्पा, खालच्या पट्टीतलं पाणी निघालं का बघा." मी म्हणलं, बघतो. एसटीत बसल्यावर डोळ्याला पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

तिला नोकरी लागंल का? माहीत नाही. २०२७ ला ती बीएड होईल, तेव्हा टेट कधी, जागा किती, आज कोण सांगणार? पण लागली नाही तरी या कर्जापायी रान जाणार नाही आणि ती मिंधी होणार नाही, एवढी सोय करून पेरलंय. पावसाचं काही आपल्या हातात नसतं. किती बियाणं उधारीवर आणायचं, ते असतं.

तुमच्याकडं खासगी शाळेवर बीएडला किती देतात, आणि फी सवलतीचे पैसे वेळेवर येतात का, ते जरूर सांगा. माझा आकडा चुकला असंल तर दुरुस्त करतो.

उद्या उघडीप मिळाली तर कपाशीची फवारणी उरकतो. पिवळ्या पडलेल्या पट्टीचं काय झालं ते पुढच्या नोंदीत.

राम राम.